बाईंचे ऋण

ज्या घरातले मूल उशिरा चालू लागते, उशिरा बोलू लागते किंवा हाक मारली तरी वळून पाहत नाही, त्या घरातील आईवडिलांना एक प्रश्न जन्मभर पुरतो : याचे पुढे कसे होणार? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणापाशीच नसते. परंतु चार-पाच वर्षांच्या त्या मुलाचे बोट धरून त्याला पहिली पायरी चढविणारी शिक्षिका भेटली, म्हणजे त्या प्रश्नाची धार पुष्कळच बोथट होते. अशा शिक्षिकेविषयी आईवडिलांच्या मनात कृतज्ञता दाटून येते. ती व्यक्त कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपण बहुधा हात जोडतो आणि म्हणतो, "बाई, तुम्ही देवमाणूस. एवढा धीर आम्हांला झाला नसता." भावना खरी असते. पण मी स्वतः साध्या शाळेत शिकविणारा शिक्षक आहे, आणि मला वाटते, या वाक्यात बाईंचा गौरव असला तरी त्यांच्या विद्येची ओळख नाही. धीर पुष्कळांपाशी असतो. आईपाशी तर तो सर्वांहून अधिक असतो. विशेष शिक्षिकेपाशी याहून निराळे काही असते, आणि ते म्हणजे पाहण्याची दृष्टी.

एक साधे उदाहरण घेऊ. मुलाला सदरा घालता येत नाही. सकाळच्या घाईत आई तो घालून देते आणि काम संपते. शिक्षिका त्या एका कृतीचे सात-आठ तुकडे करते. सदरा डोक्यातून घालणे, एक हात, दुसरा हात, असे सारे ती स्वतः करते आणि शेवटचा तुकडा, म्हणजे सदरा पोटावरून खाली ओढणे, तेवढा मुलाकडे ठेवते. तो जमला की शेवटचे दोन तुकडे त्याचे, मग तीन. अशा रीतीने मूल रोज काम पुरे केल्याच्या आनंदानेच उठते. हरल्याची चव त्याला लागत नाही. तीच शिक्षिका "पाणी हवे का?" असे विचारून मनातल्या मनात दहा अंक मोजीत थांबते. आपण दोन मोजण्याच्या आतच पेला पुढे करतो, आणि मुलाच्या ओठांवर येऊ पाहणारा शब्द तिथेच विरून जातो. आज मुलाने आपण होऊन केले की कोपराला हात लावावा लागला, हेही ती वहीत टिपून ठेवते. याला नुसता धीर म्हणणे म्हणजे वैद्याच्या नाडीपरीक्षेला नुसते मनगट धरणे म्हणण्यासारखे आहे.

आईवडिलांनी ही दृष्टी ओळखली म्हणजे काय घडते, याचा जगप्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. ३ मार्च १८८७ रोजी अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावी केलर कुटुंबाच्या घरी ॲन सलिव्हन नावाची २० वर्षांची शिक्षिका आली. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. १९ महिन्यांची असताना आजारात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली होती. कीव येऊन घरातील माणसे तिला कशालाच नाही म्हणत नसत; जेवताना ती दुसऱ्यांच्या ताटात हात घाली. पहिला अडथळा अंधत्वाचा नसून या कीवेचा आहे, हे सलिव्हनने ताडले. आवारातील एका लहानशा घरात हेलनला घेऊन वेगळे राहू द्यावे, अशी मागणी तिने केली. ही मागणी आईच्या काळजाला केवढी जड गेली असेल! पण आईवडिलांनी ती मानली. रोज यावे आणि मुलीला कळू न देता तिला पाहून जावे, असे ठरले. एके सकाळी कचेरीला जाताना वडिलांनी डोकावून पाहिले, तेव्हा मुलगी स्वस्थपणे मणी ओवीत बसली होती. सुमारे दोन आठवड्यांनी दोघी घरी परतल्या, त्या वेळी शिक्षिकेला मोकळा हात देण्याचे वचन आईवडिलांनी दिले.

पुढे ५ एप्रिलला पाण्याच्या पंपापाशी हेलनला शब्दाचा अर्थ उमगला, ती कथा आपण ऐकली आहे. त्यानंतर पाचच दिवसांनी सलिव्हनने आणखी एक निर्णय घेतला. हेलनच्या नात्यातील १५ महिन्यांचे एक मूल तिने निरखून पाहिले होते. त्याला बोलता येत नव्हते, तरी पुष्कळ शब्द कळत होते. आणि कोणी त्याला पाटीसमोर बसवून ते शिकविले नव्हते. मग तिनेही ठरीव धडे बंद केले आणि लहान मुलाच्या कानात आपण जशी पूर्ण वाक्ये बोलतो, तशी ती हेलनच्या तळहातावर बोटांनी लिहू लागली. असे दृष्टीचे धन तिच्यापाशी होते. त्याला वाव मिळाला, तो आईवडिलांनी स्वतःला आवरले म्हणून. केलर दांपत्याची खरी कृतज्ञता त्या आवरण्यात होती.

आपल्या देशातही या कामाला जुनी परंपरा आहे. मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. १९४४ साली मुंबईतच निघालेली जय वकील शाळा अशाच एका मुलीच्या आईवडिलांनी काढली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी केंद्र उघडले, त्यामागेही त्यांची कन्या मालिनी हिची गरज होती. घरची गरज आईवडिलांनी अशी समाजाच्या कामी लावली.

आपल्या आदिलाबादेकडे वळू. १९८४ साली सिकंदराबादेस बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. पण तान्हे कडेवर घेऊन ३०० किलोमीटर जाणे शेतमजुराला कसे परवडावे? म्हणून मंडलांच्या ठिकाणी असलेली 'भविता' केंद्रे आपल्याला मोलाची आहेत. येथील शिक्षिकेपुढे मुंबई-पुण्यात सहसा न येणारी एक अडचण असते. बेला-जैनथकडील मूल घरी 'पाणी' ऐकते आणि बाहेर 'नीळ्ळु'; उटनूरच्या बाजूस गोंडी व कोलामी बोलणारी घरे आहेत. ज्याला एक शब्द मिळविण्यास महिने लागतात, त्याला पहिला शब्द कोणत्या भाषेतला द्यावा? चांगली शिक्षिका घरातले शब्द आधी विचारून घेते आणि त्यांवरच इमारत उभारते.

तेव्हा ऋण फेडावयाचे तर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, बाईंनी केंद्रात जे आरंभिले ते घरी चालू ठेवावे. सदऱ्याचा शेवटचा तुकडा मुलालाच ओढू द्यावा. दुसरी, घरी काय जमते आणि काय जमत नाही, मूल कोणत्या शब्दाला वळून पाहते, हे लाज न बाळगता बाईंना सांगावे. तिसरी, त्यांच्या जागेसाठी उभे राहावे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा दर १० मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. २०२४ साली तेलंगण शासनाने ११,०६२ शिक्षकांच्या भरतीची जाहिरात काढली, तीत १,०१६ जागा विशेष शिक्षणाच्या होत्या. कागदावरची जागा गावात भरली की नाही, हे विचारण्याचा पहिला अधिकार पालकांचा आहे. करारावर राबणाऱ्या बाईंना देव म्हणावयाचे आणि त्यांच्या वेतनाची चौकशीही करावयाची नाही, हा कृतज्ञतेचा मार्ग नव्हे.

हार-नारळ जरूर द्यावा. पण आपण शिकविलेले मुलाच्या घरी रुजले आहे, हे पाहण्याइतका आनंद शिक्षकाला दुसऱ्या कशाचाही होत नाही. तो आनंद देणे प्रत्येक आईवडिलांच्या हातचे आहे.