आजोबांची इम्युनिटी आणि गुळवेलीचा काढा

आपल्या बारामती-इंदापूरकडे कडुनिंबावर चढलेली गुळवेल काही नवी नाही. कोरोनात मात्र तिचा काढा रोजचा झाला, आणि मोठा पेला आजोबांना. का? वयामुळे इम्युनिटी कमी झालीय ना!

ते खरंच आहे. छातीतली थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते, नव्या टी-पेशी कमी बनतात. म्हणून म्हातारपणी लसही कमी लागू पडते. पण अंगातली बारीक सूज उलट वाढलेली असते. मग नुसती इम्युनिटी ‘वाढवून’ काय होणार?

त्यात लिव्हर. वयाबरोबर त्याचा आकार आणि रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे बरीच औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झालेली डॉक्टरांना दिसली. त्यांचा पेपर 2021 मध्ये आला. त्यातल्या 62 वर्षांच्या एक बाई वाचल्या नाहीत. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. सहा जणांवरून सगळ्यांचं ठरत नाही, हेही खरंच.

पण दवाखान्यात ‘कुठली औषधं चालू आहेत?’ विचारलं की आजोबा बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात. काढा ते औषधात धरतच नाहीत. सोबत गेलात तर तेवढं तुम्ही सांगा.