‘आतां होणारच’ हें इंग्रजींत कसें म्हणावें?

न्यायालयांत साक्षीदार मराठींत सांगतो, ‘तो काठी मारणार होता.’ दुभाष्यानें याचें इंग्रजी काय करावें? ‘वॉज गोइंग टु’ म्हटलें, तर मुख्यतः मारण्याचा बेत होता एवढेंच कळतें. तो बेत आदल्या रात्रीं ठरलेलाही असूं शकेल. ‘वॉज अबाउट टु’ म्हटलें, तर उगारलेली काठी डोळ्यांसमोर येते. स्वसंरक्षणासाठीं उलट हात उचलला, असें म्हणणाऱ्या आरोपीच्या दृष्टीनें हा भेद क्षुल्लक नव्हे. धोका किती निकट होता, याचाच तेथें कीस पडतो. मराठी ‘णार’ प्रत्ययाच्या पोटांत बेत आणि निकटता दोन्ही सुखानें नांदतात. साक्षीदार ‘मारणार, तोंच’ असें म्हणाला, तर प्रश्न सुटला. नाहींतर त्यालाच पुन्हां विचारणें बरें.

‘अबाउट टु’ मध्यें काळ इतका आंखूड असतो कीं, त्याच्याशीं ‘उद्यां’ हा शब्द जुळत नाहीं. ‘उद्यां निघणार आहें’ याचें भाषांतर करतांना विद्यार्थी येथें हमखास ठेंच खातात. ‘ऑन द पॉइंट ऑफ’ याचा अर्थ जवळजवळ तोच. मात्र त्यापुढें क्रियापदाचें ‘इंग’ लावलेलें रूप येतें. दोन्ही भूतकाळांत आलीं कीं, क्रिया मध्येंच अडली असावी अशी चाहूल लागते. उठून बोलणार, तोंच घंटा झाली, अशा प्रसंगीं तीं शोभतात.

‘ऑन द व्हर्ज ऑफ’ आणि ‘ऑन द ब्रिंक ऑफ’ यांची तऱ्हा निराळी. व्हर्ज म्हणजे कांठ. इंग्लंडांत रस्त्याच्या कडेच्या गवताच्या पट्ट्यालाही हाच शब्द आहे. रडें, दिवाळें, यश, कशाच्याही कांठावर मनुष्य उभा राहूं शकतो. ब्रिंक ही कड्याची कड. युद्ध, उपासमार, सर्वनाश हे तिचे नेहमींचे सोबती. १९५६ सालीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्या, युद्धाच्या कडेपर्यंत जाण्याच्या धोरणावरून ‘ब्रिंकमनशिप’ हा शब्द रूढ झाला. तेव्हां चहा पिण्याच्या ‘ब्रिंक’वर कोणी उभें राहूं नये!

अमेरिकन बोलींतील ‘नॉट अबाउट टु’ मात्र फसवें आहे. त्याचा अर्थ ‘इतक्यांत नाहीं’ असा नसून ‘मुळींच करणार नाहीं’ असा आहे. उसने पैसे मागणाऱ्याला हें उत्तर मिळालें आणि तो आठ दिवसांनीं पुन्हां गेला, तर त्याचा हेलपाटा फुकट जाईल.