नामदेव पायरीची उंची किती?

माउलीहो, निरूपणाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. पंढरपुरात महाद्वारापाशी आपण सगळेच जातो. तिथं पहिली पायरी आहे, नामदेव पायरी. तिच्यापुढं आपण वाकतो, कपाळ टेकतो आणि तिच्यावर पाय न देता पुढं जातो. सांगा बरं, त्या पायरीची उंची किती? कुणी मोजलीय? (श्रोते गप्प.) कुणीच नाही. तीस-तीस वाऱ्या केलेले म्हातारे इथं बसलेत, त्यांनाही सांगता येणार नाही. असू द्या. प्रश्न इथंच ठेवतो, शेवटी उचलू.

गेल्या आषाढीची गोष्ट. पालखी नातेपुत्याला मुक्कामाला होती. रात्री कीर्तन आटोपून मी राहुटीत बसलो होतो. तेवढ्यात एक शेतकरी आला, बरोबर सोळा वर्षांचा मुलगा. बाप म्हणाला, "महाराज, जरा पोराला समजावा. दोन महिने झाले, नीट जेवंना, कुणाशी बोलंना. पाय लांब करून घ्यायचेत म्हणतंय. आपरेशन असतंय म्हणं. अर्धा एकर काढायचं म्हणलं तरी माझी तयारी हाय, पण मनाला पटंना."

आणि माउली, मी काय केलं? मी हसलो. "अरे, पाय लांब करायचे तर वारीत चाल, झिजून आखूड तरी होतील," असं काहीतरी बोललो. राहुटीतले चार जण हसले. पोरगं उठलं आणि अंधारात निघून गेलं.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. गादीवरनं आम्ही दुसऱ्यांच्या चुका फार सांगतो, ही माझी स्वतःची. ज्याला जगानं हसून हसून इथवर आणलं, त्याला पंढरीच्या वाटेवरही हसूच मिळालं. आणि हसणारा कोण? माझी उंची पाच फूट एक इंच. (हशा.) हसा, आता हसायला हरकत नाही. पण मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा मला हसू येत नव्हतं. शाळेत मला टिल्लू म्हणायचे. पहाटे उठून आंब्याच्या फांदीला लोंबकळायचो. दारामागं भिंतीवर कोळशानं रेघ मारायचो. सकाळी रेघ वर जायची, संध्याकाळी खाली यायची! मला वाटायचं देवच थट्टा करतोय. पुढं कळलं, त्यात नवल काही नाही. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, रात्री झोपेत मोकळ्या होतात. म्हणून प्रत्येक माणूस सकाळी एखादा सेंटीमीटर उंच असतो. तर ज्याच्या भिंतीवर अशा रेघा होत्या, तोच त्या पोराला हसला.

मी कंदील घेऊन पाठीमागं गेलो. पाण्याच्या टँकरमागं बसलं होतं. मी म्हणालो, "बाळा, चुकलो. सांग, मी ऐकतो." बराच वेळ गप्प. मग बोलला. उंची एकशे एकसष्ट सेंटीमीटर. पोलीस भरतीला पुरुषांना १६५ लागते. चार सेंटीमीटर कमी. पण एवढंच नव्हतं. वर्गाच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत मांडी घालून बसवतात. धाकटा भाऊ डोक्यानं वर गेला, आता पाहुणे त्यालाच थोरला समजतात. आणि मोबाइलवर कुणीतरी दाखवलं की पाय लांब होतात, आठ-आठ सेंटीमीटर. "महाराज, घ्यावं का करून?"

माउलीहो, अशा वेळी "देह नाशिवंत आहे रे बाबा" म्हणणं सोपं आहे. खोटं नाही ते, पण सोळा वर्षांच्या पोराला भूक लागल्यावर एकादशीचं माहात्म्य सांगण्यासारखं आहे. त्याला आधी खरं काय ते कळलं पाहिजे. आमच्या दिंडीत एक हाडांचे डॉक्टर दरवर्षी चालतात, लोकांच्या पायांचे फोड बांधतात. दुसऱ्या दिवशी चालता चालता त्यांना मधे घेतलं. पोरगं या बाजूला, बाप त्या बाजूला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी तुमच्यापुढं मांडतो, कारण असं पोर उद्या तुमच्याही घरात निघेल.

ही विद्या काढली गावरिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरनं, रशियात, सायबेरियातल्या कुर्गान गावात. दुसरं महायुद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. हाडं मोडलेली, न जुळलेली, पाय आखूड राहिलेले सैनिक त्याच्याकडं यायचे. १९५० च्या दशकात त्यानं पायाभोवती लोखंडी कडी आणि हाडातून आरपार तारा बसवून ती हाडं जुळवली, वाढवली. म्हणजे ही विद्या जन्मली ती चालता न येणाऱ्याला चालवण्यासाठी.

करतात काय? चांगलं हाड कापतात. पाचसात दिवस थांबतात. मग बाहेरच्या कड्यांनी किंवा हाडात घातलेल्या सळईनं ते दोन तुकडे रोज एक मिलिमीटर लांब करतात, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर, दिवसातनं चार वेळा. त्या फटीत शरीर नवं हाड भरतं. परमेश्वराची करणी बघा, कापलेलं हाड स्वतः भरून येतं! सहा सेंटीमीटर वाढवायचे तर नुसत्या ताणण्याचे दोन महिने. आणि ते नवं हाड कोवळं असतं, भार पेलण्याइतकं घट्ट व्हायला आणखी कितीतरी महिने. सगळं सुरळीत झालं तरी वर्ष जातं.

आता खरी गोम ऐका. हाड वाढतं, पण बाकीचे? स्नायू, शिरा, नसा, कातडी, त्यांना कुणी विचारलंय? ते ओढले जातात. टाच वर उचलली जाते, माणूस चवड्यावर चालायला लागतो. गुडघा, घोटा आखडतो. रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, आणि तो रडवतो. तारांच्या जागी पू होतो. कधी नस दुखावते, पाऊल बधिर पडतं. कधी हाड भरतच नाही, पुन्हा कापाकापी. सगळ्यांना सगळं होतं असं नाही. पण कुणाला काय होईल हे आधी सांगता येत नाही. चीनमध्ये २००६ साली सरकारनं नुसत्या उंचीसाठी हे करायला बंदी घातली, ती उगाच नाही.

पोरानं विचारलं, "पण डॉक्टरकाका, झाल्यावर भरतीला चालेल ना?" डॉक्टर म्हणाले, "उंचीची पट्टी तू ओलांडशील रे. पण त्याच मैदानावर पुढं सोळाशे मीटर धावायचंय, शंभर मीटर पळायचंय, गोळा फेकायचाय. ज्या पायांवर धावायचं तेच पाय आपण कापलेले असतील." पोरगं गप्प झालं. बापही गप्प. हा हिशोब मोबाइलवर कुणी दाखवला नव्हता.

(विठ्ठल विठ्ठल विठ्ठल... टाळ-मृदंग.)

आता कुणी म्हणेल, महाराज, म्हणजे ही शस्त्रक्रिया पाप आहे काय? नाही! माझ्या नावावर असं काही खपवू नका. भागवतात कुब्जेची कथा आहे. मथुरेत भगवंताला ती भेटली, तीन ठिकाणी वाकलेली. भगवंतानं तिच्या पावलांवर आपलं पाऊल दाबलं, हनुवटीला दोन बोटं लावली आणि तिला सरळ केलं. आजार, व्यंग, दुखणं दूर करणं हे देवाचंच काम आहे. ज्याचा एक पाय पोलिओनं आखूड राहिला, अपघातात हाड वेडंवाकडं जुळलं, ज्याला चालताना कंबर मोडते, त्यानं जरूर जावं. तिथं हा डॉक्टर म्हणजे कुब्जेला सरळ करणारा हात आहे.

पण दुसरा एक आठवा. आपल्या काल्यातला पेंद्या. पाय लंगडा, बोलणं बोबडं. जो भगवंत कुब्जेला क्षणात सरळ करतो, त्याला पेंद्याचा पाय नीट करणं अवघड होतं काय? पण काल्यात आपण काय गातो? देव त्याच्या शिदोरीतला घास खातो, खेळात त्याला आपल्या बाजूला घेतो. पेंद्या सवंगड्यात येण्यासाठी आधी बदलावा लागला नाही. कुब्जेला औषध हवं होतं, पेंद्याला सोबत. कोणाला काय हवंय हे ओळखणं, हीच खरी परीक्षा. आमच्या त्या पोराचे पाय धडधाकट होते, आळंदीपासून चालत आले होते. त्याला हवा होता तो सवंगडी. आणि मी त्याला हसलो होतो.

म्हणून ही चोपडी वाचणाऱ्या लेकरा, तू सोळा-सतराचा असशील आणि तुझ्याही मनात हे असेल, तर तुला चार गोष्टी सांगतो.

पहिली. तुझी वाढ संपली का हे आधी बघ. हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते. मुलींची साधारण चौदा ते सोळाच्या सुमारास मिटते, मुलांची त्याहून दोनेक वर्षं उशिरा. काही पोरं उशिरा वयात येतात आणि मागनं वाढतात. मनगटाचा एक्स-रे काढला की डॉक्टरला हाडाचं वय कळतं. आणि कुणाची वाढ थायरॉइडमुळं, वाढीच्या हार्मोनच्या कमतरतेमुळं किंवा पोटाच्या एखाद्या आजारानं खुंटलेली असेल, तर त्यावर इलाज आहे, पण तो पट्टी उघडी असेतोवरच. म्हणून आईबापांनो, पोर वयाच्या मानानं फारच मागं वाटलं तर दहाव्या-बाराव्या वर्षीच लहान मुलांच्या डॉक्टरकडं न्या. उंची वाढवायच्या पावडरी आणि गोळ्या दुकानातनं आणू नका.

दुसरी. ज्या वाढत्या वयात स्वतःचं शरीर रोज परकं वाटतं, त्या वयात न परतणारा निर्णय घेऊ नकोस. तू अठरा वर्षांच्या आत आहेस तोवर त्या कागदावर सही तुझी नाही, आईबापाची. पाय तुझा, सही दुसऱ्याची, हे बरं नव्हे. मोठा हो. मग पंचविसाव्या वर्षीही हेच वाटलं, सगळं माहीत करून, स्वतःच्या पैशानं, तर तो तुझा अधिकार. मी आड येणार नाही. पण आज नाही.

तिसरी. एका पट्टीवर अख्खं आयुष्य टांगू नकोस. जिथं १६५ लागतात तिथं नाही तर जिथं लागत नाहीत अशा शेकडो वाटा आहेत.

चौथी. दुःख पोटात ठेवू नकोस. जेवण तुटलं, झोप तुटली, जगणं नको वाटलं, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांग, मनाच्या डॉक्टरकडं जा. त्यात लाज नाही.

आणि आता लेकरांना सोडतो, तुमच्याकडं वळतो. (हशा.) आता हसू नका! पोराच्या डोक्यात हे आलं कुठनं? "याचा धाकटा बघा कसा ताड वाढलाय," हे कोण बोललं? पाहुण्यांपुढं दोघांना पाठीला पाठ लावून कोण उभं करतं? लग्नाच्या कागदावर उंच हवा, उंच हवी, हे कोण लिहितं? वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो, लहानमोठा न बघता पायाला हात लावतो, आणि घरी गेल्यावर पोराला बुटका म्हणतो. मग ते वीस दिवस चालणं काय कामाचं? हाड कापणारा डॉक्टर फार पुढचा माणूस आहे. पहिला घाव आपल्या जिभेचा असतो.

(विठ्ठल विठ्ठल...)

यंदा ते पोरगं पुन्हा आलं, माउली. एक्स-रे काढला होता. पट्टी जवळजवळ मिटलीय, फार तर एखादा सेंटीमीटर, असं सांगितलं. म्हणजे १६५ नाही. मी त्याला खोटी आशा दिली नाही, तुम्हालाही गोड शेवट सांगत नाही. त्याला वाईट वाटलंय, अजून वाटतं. पण जेवतो. टाळ घेऊन पहिल्या ओळीत चालत होता. बापानं अर्धा एकर विकलं नाही, तिथं ऊस उभा आहे. बाजूला येऊन मला म्हणाला, "महाराज, तुमची उंची किती हो?" मी म्हणालो, "सकाळची सांगू का संध्याकाळची?" तेव्हा तो हसला. या वेळी दोघंही हसलो, हा फरक.

आता तो पहिला प्रश्न उचलू. नामदेवराय एवढे मोठे, पंजाबापर्यंत नाम घेऊन गेले. शेवटी त्यांनी काय मागितलं? कळस नाही मागितला. पायरी मागितली. सगळ्यात खालची, संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. आणि आज काय होतं? कळसाला आपण लांबनं हात जोडतो, पण कपाळ टेकतो ते पायरीवर. तिची उंची कुणी मोजत नाही, कारण तिच्यापुढं आल्यावर मोजणारा स्वतःच वाकलेला असतो.

लेकरा, विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायला सगळ्यांनाच वाकावं लागतं. सहा फुटी माणसाला जरा जास्त, एवढंच. आपल्याला थोडं कमी वाकून पाय सापडतात. तेवढा नफा आपला!

बोला, रामकृष्ण हरी!