एक ठेव, दोन नावे



मी सातवी शिकलेली बाई. मोठे भाषण मला येत नाही. पण घरचा हिशोब लिहिते, म्हणून ठेवीच्या व्याजाविषयी चार शब्द सांगते.

आपल्या घरी पावतीवर बहुधा पहिले नाव यजमानांचे, दुसरे आपले. मग सगळे व्याज त्यांच्याच विवरणपत्रात जाते. खरा नियम असा, की पैसा ज्याने घातला, व्याज त्याचे. समजा, तीन लाखांच्या ठेवीत दोन लाख पत्नीला माहेरून मिळालेले व एक लाख पतीचे आहेत. वर्षाचे व्याज 21,000 रुपये झाले, तर 14,000 तिने दाखवावे, 7,000 त्यांनी. बँकेने कर कापला तर तो पहिल्या नावावर पडतो. म्हणून पहिल्या नावाच्या माणसाने दुसरीचा वाटा व पॅन बँकेला आधीच लेखी कळवावा.

मात्र यजमानांनीच बायकोला पैसे देऊन तिच्या नावाने ठेवले, तर ते व्याज त्यांच्याच उत्पन्नात धरतात. 1961 च्या कायद्यात हे होते, 2025 च्या नव्या कायद्यातही आहे. नुसते नाव बदलून कर चुकत नाही.

आपल्या वाडीला गोव्याकडचे भक्त येतात. त्यांच्याकडची रीत निराळी. तिथे पोर्तुगीजांचा 1867 चा दिवाणी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक. म्हणून आयकरातही पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे दुकानाचा नफा, घरभाडे, व्याज, दोघांत निम्मे वाटतात. 60,000 व्याज आले, तर 30,000 त्याच्या विवरणपत्रात, 30,000 तिच्या. पावतीवर नाव कोणाचेही असो. घर सांभाळणाऱ्या बाईचा वाटा तिथे कायदाच मांडतो. आपल्याकडे तो कागद सांगेल तेवढाच.

आईने मला पैसे दिले, तेव्हा मी तिच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. जाऊबाई म्हणाल्या, "घरात तुझे-माझे कशाला?" मी म्हटले, "वहिनी, हे भांडणासाठी नव्हे. उद्या हिशोब विचारला, तर तोंडचे बोलणे कोण धरील?" यजमानांनाही ते पटले. आता दोघांचे हिशोब दोन वह्यांत असतात, आणि चूल एकच आहे.

तेव्हा भगिनींनो, माहेरच्या पैशाचा कागद जपा, तो पैसा आपल्या खात्यातून ठेवीत घाला आणि पावती स्वतः वाचा.