अमुक कामाला अमुक पाणी



पश्चिमेस मलनाडाची झाडी आणि तांबडी माती, पूर्वेस नवलगुंद-अण्णिगेरीकडील काळ्या जमिनीचा अफाट पसारा, अशा दोन मुलुखांच्या सीमेवर आपली हुबळी आणि आपले धारवाड वसले आहे. पूर्वेकडील मचूळ विहिरींच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही रटरटली तरी शिजत नाही, म्हणून तेथील गृहिणी तळ्याचे पाणी आणून डाळ शिजवीत आली. जड पाण्यातील कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला घट्ट करते, हे तिला कोणी सांगितले नव्हते; परंतु अमुक कामाला अमुक पाणी, हा विवेक तिने अनुभवाने संपादिला होता, आणि यवसुरा म्हणजे बीअर करू पाहणाऱ्यास आरंभी हाच विवेक हवा.

मात्र पाण्याआधी कायदा पाहावा, आणि त्याची बाब स्पष्ट आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी परवान्यावाचून घरी बीअर करण्याची मुभा येथे आजही नाही. माझे निरूपण आहे ते, जेथे ती मुभा आहे अशा परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी आणि केवळ जिज्ञासूंसाठी.

आता पुन्हा पाण्याकडे वळू. इंग्लंडातील बर्टन गावच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपते. त्यातील विपुल सल्फेटमुळे हॉप या वेलीच्या फुलांचा कडवटपणा कोरडा आणि रेखीव लागतो, आणि तेथील फिकट बीअर जहाजांतून हिंदुस्थानापर्यंत येत असे. उलट बोहेमियातील पिल्सेनचे पाणी इतके मृदू, की लिटरमागे त्यात दहा मिलिग्रॅमही कॅल्शियम नसते. तेथेच १८४२ साली योसेफ ग्रोल याने सोनेरी बीअर सिद्ध केली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट फार, म्हणून तेथे भाजलेल्या धान्याची काळी बीअर रुजली, कारण भाजलेल्या धान्याचे आम्लत्व त्या पाण्याच्या क्षारतेस तोलून धरते. या तीन पाण्यांपैकी एकालाही मी वाईट म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापले धान्य शोधून घेतले.

माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवाचा, भरडा गरम पाण्यात भिजविला असता पिष्टाची साखर करणारी विकरे सामू (पीएच) ५.२ ते ५.६ असताना उत्तम काम करतात. (सामू मोजण्याची पद्धती सोरेन्सनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बीअरवाल्यांच्याच आश्रयाने, शोधली, हे मला विशेष हृद्य वाटते.) हा सामू पाण्यातील क्षारांवर बराच अवलंबून असतो, म्हणून पाण्याचे पृथक्करण करवून कॅल्शियम, सल्फेट, क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांचे आकडे हाती घेतल्यावाचून त्यात चिमूटभरही काही मिसळू नये; बर्टनच्या कीर्तीला भुलून कोणत्याही पाण्यात जिप्सम ओतणे हा मी अविचार समजतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन तर घालवलेच पाहिजे, कारण माल्टमधील फिनॉलशी त्याचा संयोग होऊन बीअरला औषधाचा वास येतो. उकळल्याने क्लोरीन जातो, आणि बायकार्बोनेटही पुष्कळसे चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते. मात्र त्याबरोबर कॅल्शियमही उतरते, हे ध्यानी ठेवून वरचे निवळ पाणी काढून घ्यावे, आणि हिशेबाने कॅल्शियम कमी भरत असेल तरच जिप्सम घालावे. वीस लिटर पाण्यात चार ग्रॅम जिप्सम घातले, तर लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११० मिलिग्रॅम सल्फेट वाढते. हे चार ग्रॅम चमच्याने न मोजता सोनाराकडच्यासारख्या नाजूक काट्यावर तोलावेत.