पुसून टाकलेला मार्को पोलो



ज्या मार्को पोलोविषयी मी आज बोलणार आहे, तो आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला नव्हे. बीबीसीने १९६४ साली तो टेलिव्हिजनवर दाखविला आणि पुढे स्वतःच्याच हातांनी नष्ट केला.

‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका इंग्लंडमध्ये २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पोलिसांना फोन करण्यासाठी तेथे रस्त्याकडेला खोकी उभी असत. अगदी तशाच खोक्यासारखे दिसणारे, पण आतून प्रशस्त असे एक यान घेऊन हा डॉक्टर काळात मागेपुढे हिंडतो. पहिल्याच भागात त्याच्याबरोबर नाइलाजाने ओढली जाणारी दोन माणसे कोण, ठाऊक आहे? एका शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आणि इतिहासाच्या शिक्षिका! (आम्हा शिक्षकांच्या वाट्याला असा मान सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.) मुलांना विज्ञान आणि इतिहास या दोहोंची गोडी लागावी, असा त्यामागे हेतू होता.

या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म १९३८ चा, लखनौचा. लहानपणीच कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेलेले. त्यांच्या मातोश्री अतिया हुसेन या इंग्रजीत लिहिणाऱ्या नामवंत लेखिका. मालिका सुरू झाली तेव्हा हुसेन २४ वर्षांचे होते आणि निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या. पुढे फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ मध्ये ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा आली. त्यातील सहा भाग हुसेन यांनी दिग्दर्शित केले. यान पामीरच्या पठारावर बिघडते आणि प्रवासी मार्को पोलोच्या काफिल्याबरोबर गोबीचे वाळवंट ओलांडून कुबलाई खानाच्या दरबारात पोहोचतात. या सातांपैकी एकही भाग आजवर हाती लागलेला नाही.

असे का झाले? आग लागली नाही, चोरी झाली नाही. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होत. फीत फार महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे एकच कार्यक्रम वारंवार दाखविता येत नसे. घरी बसून जुना कार्यक्रम पाहण्याची सोय तर कोणाच्या कल्पनेतही नव्हती. परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या. पण रंगीत टेलिव्हिजन आला, काळ्या-पांढऱ्याला गिऱ्हाईक उरले नाही, आणि कपाटे रिकामी करताना त्याही गेल्या. ज्याने फीत पुसली त्याला दोषी ठरविणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्याच्यापुढील हिशेबाच्या वहीत प्रत्येक निर्णय बरोबरच होता. मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. हे पुसणे थांबले ते १९७८ च्या सुमारास. त्यानंतर बराच शोध होऊनही २०१३ च्या अखेरीस ९७ भाग बेपत्ताच होते.

इंग्लंडला हसण्याचे आपल्यालाही कारण नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही.

आता विद्यार्थी मित्रांनो, पुढचे नीट ऐका. चित्रे गेली, तरी त्या ९७ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज आज ऐकावयास मिळतो. तो बीबीसीने जपलेला नाही. टेलिव्हिजनसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घरच्या घरी ज्यांनी तो मुद्रित केला, त्यांचे हे उपकार, आणि त्यांत शाळकरी वयाची मुलेही होती. मायक्रोफोन समोर असताना घरातल्या मंडळींना ‘जरा गप्प बसा’ म्हणणाऱ्या मुलावर त्या दिवशी वडील रागावले असतील की नाही, याचा पालकांनी विचार करावा!

दुसरी गंमत ऑस्ट्रेलियाची. तेथील सेन्सॉरने मुलांना भय वाटेल असे तुकडे कापून काढले होते. दप्तराच्या शिस्तीप्रमाणे ते तुकडे जपून ठेवले गेले आणि १९९६ साली सरकारी दप्तरखान्यात सापडले. म्हणजे काही भागांचे जे दाखवू नये असे ठरले, तेवढेच डोळ्यांनी पाहावयास उरले.

परदेशी गेलेल्या फिल्म दाखवून झाल्यावर परत पाठवाव्यात, पुढच्या देशाकडे द्याव्यात किंवा नष्ट कराव्यात, असा नियम होता. नियम जेथे पाळला गेला नाही, तेथे काही वाचले. हाँगकाँगहून १९९१ च्या अखेरीस एक चार भागांची संपूर्ण कथा परत आली. नायजेरियातील जोस शहराच्या टेलिव्हिजन केंद्रात पडून राहिलेले नऊ हरवलेले भाग फिलिप मॉरिस यांनी शोधून काढले. ती बातमी ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झाली.

‘मार्को पोलो’ मात्र जोसलाही नव्हता. पण जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार त्या काळी टेलिव्हिजनच्या पडद्याचेच फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत असत. आपले काम पुन्हा पाहण्याचा त्यांना तेवढाच मार्ग. हुसेन यांनी आपल्या सहा भागांचे असे फोटो घेतले आणि वर्षानुवर्षे सांभाळले. आज ते फोटो घरगुती ध्वनिमुद्रणाशी जुळवून ही कथा पाहता येते: आवाज चालू असतो, काफिला पडद्यावर स्थिर उभा असतो. हुसेन यांनी दिग्दर्शित न केलेल्या चौथ्या भागाचे फोटो त्यांच्या संग्रहात नव्हते.