उच्च शिक्षणाचे नवे धोरण आणि आपली जबाबदारी
(पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षिसे घेणाऱ्या मुलामुलींचे चेहरे पाहून मन भरून आले. परंतु यांतील किती जण पदवीपर्यंत पोहोचतील, हा प्रश्न मला येथे बसल्याबसल्या सतावीत होता. त्याविषयीच चार शब्द बोलतो.

स्वातंत्र्यानंतर आपले पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या कारकिर्दीत १९५१ साली खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था आणि १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला. पाया भक्कम होता. पुढे कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करावा असे सुचविले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांनी तेच उद्दिष्ट पुन्हा मांडले. पुन्हा पुन्हा लिहावे लागते, याचाच अर्थ ते गाठलेले नाही. सरकारचा हात आखडला की शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि फीचा बोजा पालकांवर येतो.

आपल्या समाजाला त्याची झळ अधिक बसते. २०११ च्या जनगणनेत मुसलमानांचे प्रमाण १४.२ टक्के होते. २०२०-२१ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात उच्च शिक्षण घेणाऱ्यांत ते केवळ ४.६ टक्के आढळले. एका वर्षात आपले विद्यार्थी २१ लाखांवरून सुमारे १९.२ लाखांवर आले.

नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरे करण्याची सोय आहे. अडचणीत सापडलेल्यास हा आधार आहे. पण मला भीती वाटते ती दुसरीच. मुलगी पहिले वर्ष पास झाली, स्थळ आले, हाती प्रमाणपत्र आहेच, मग पुरे झाले, असे आपण म्हणू लागलो, तर सरकारने ठेवलेले दार आपल्या मुलींना घरी पाठविण्याचे दार होईल. त्याचा दोष धोरणाला देता येणार नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो. पालकांनी शासनाच्या सवलती समजून घ्याव्यात. महाराष्ट्रात २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्यातील अनेक जमाती इतर मागासवर्गात मोडतात; पण दाखला वेळेवर काढला नाही तर हक्क कागदावरच राहतो. दुसरी विनंती संस्थेला. दहावीचा निकाल लागताच दाखले व अर्ज भरून देणारी एक खिडकी येथे उघडावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मात्र एकच निश्चय करा. थांबावे लागले तरी चालेल, पण परत यायचे. पदवी हातात घेऊनच आई-वडिलांपुढे उभे राहा.

अल्लाह आपल्या प्रयत्नांना यश देवो. खुदा हाफिज.